जबड्याची साक्ष

१

मित्रांनो, मी एक जुना जबडा आहे. मला डोके आहे, पोट आहे, नऊ दात आहेत. पाय नाहीत आणि जीभही नाही.

बुडापेस्टच्या चोवीस नंबरच्या ट्राममध्ये, मधल्या दाराजवळच्या खांबाला मी बसवलेला होतो. चढणाऱ्याने आपले तिकीट माझ्या तोंडात घालायचे आणि माझा काळा जबडा स्वतःकडे ओढायचा. ठक्! झाले काम. तिकिटावर एक ते नऊ आकडे चौकटीत छापलेले असत. त्यातल्या काही आकड्यांवर भोके पडत. कोणत्या आकड्यांवर पाडायची, ते सकाळी आगारात ठरे. कारागीर माझे काही दात पुढे काढी, काही मागे ढकली. म्हणून कालचे तिकीट आज चालत नसे आणि पुढच्या ट्रामचे माझ्याकडे चालत नसे. भोके जुळली तर माणूस सभ्य. नाही जुळली तर खाली उतरा.

मी माझी गोष्ट तशीच सांगणार आहे, आकड्याआकड्याने. एक मात्र आधीच सांगून ठेवतो. मी शहाण्या वस्तूंसारखा क्षमाशील नाही. माझे लोखंड गंजले, माझा राग गंजला नाही.

२

माझा जन्म शहराच्या उत्तरेकडे, कारखान्यांच्या वस्तीत झाला. ओतीव लोखंडाचे धड, पोलादी दात आणि वर राखाडी रंगाचे दोन हात. मला घडवणाऱ्या बाईने शेवटी माझ्या तोंडात कागदाचा कपटा घातला, जबडा ओढला आणि भोकांतून खिडकीच्या उजेडाकडे पाहिले. "स्वच्छ चावतोय," ती म्हणाली. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

मग कामाची वर्षे सुरू झाली. मला ती आवडत. खाटीकखान्याकडचे कामगार, हातात मोज्यांची पिशवी घेतलेल्या नर्सा, शाळेला उशीर झालेल्या मुली, सगळे माझ्याकडे येत. सर्वांत आवडे ती गर्दी. गर्दीत प्रत्येकाला माझ्यापर्यंत पोचता येत नसे. मग मागच्या टोकाला उभी असलेली बाई पुढच्याला म्हणे, "जरा पुढे द्या हो." तिकीट हातोहात येई. हातमोजा घातलेला हात, तंबाखूचा वास येणारा हात, अंगठी रुतलेला हात. शेवटचा हात मला ओढी, ठक्! आणि तिकीट त्याच वाटेने परत जाई. कोणी कोणाला ओळखत नसे. पण ते चिठोरे कधी हरवत नसे. त्या शहरात माणसे एकमेकांशी फारशी हसून बोलत नाहीत, पण दुसऱ्याचे तिकीट ती चिमटीत अशी धरतात, जशी देवळातली वात.

आमची ट्राम पिरोश्का चालवी. जाड वेणी, मोठा आवाज. थांब्यावर कोणी धावत येताना दिसले की ती दार उघडे ठेवी आणि खिडकीतून ओरडे, "धाव गं बाई, धाव! ट्राम तुझी वाट बघतेय, नवरा बघणार नाही!" माझ्या जबड्याला तेल कमी पडले की ती आगारात भांडून तेल आणी.

असे आमचे बरे चालले होते.

३

(कोरे. ही जागा मी एका माणसासाठी राखून ठेवली आहे.)

४

त्या माणसाचे नाव काल्मान.

काल्मान तिकीट तपासनीस होता. आमच्या शहरात तपासनीस साध्या कपड्यांत चढत. दंडावर बांधायची लाल पट्टी खिशात असे. दारे बंद झाली, ट्राम हलली, की पट्टी खिशातून दंडावर येई. तेवढ्यात सारे प्रवासी एकमेकांकडे पाहत आणि ज्याच्याकडे तिकीट नसे, तो छत न्याहाळू लागे. हा खेळ दोन्ही बाजूंना ठाऊक होता. त्यात मला काही गैर वाटत नसे. फुकट्यांचा मलाही राग येई.

पण काल्मानला फुकटे पकडायला आवडत नसे. फुकटे तरुण असत, पळत असत, उलट बोलत असत. शनिवारी त्याचे साहेब विचारत, "किती सापडले?" तेव्हा हात रिकामा नको. मग त्याने स्वतःची युक्ती काढली. गर्दीच्या वेळी तो पट्टी खिशात ठेवून माझ्याशेजारी उभा राही, सज्जनासारखा. हातोहात आलेली तिकिटे हसतमुखाने घेई, माझा जबडा ओढी आणि परत पाठवी. मधूनच एखादे तिकीट तो बदली. खरे तळहातात दडे आणि कोणाचे तरी फेकलेले, दुसऱ्या भोकांचे तिकीट परत जाई. पुढच्या थांब्याला पट्टी दंडावर चढे. माणूस तो निवडून घेई. म्हातारी, खेड्यातली किंवा हातात ओझे असलेली. जिला पळता येणार नाही आणि भांडता येणार नाही, अशी.

आणि ती माणसे शपथा घेऊ लागली, की काल्मान अंगठीच्या बोटाने माझ्या डोक्यावर टक टक वाजवी आणि म्हणे, "बाई, माणूस खोटं बोलतो. यंत्राची भोकं खोटं बोलत नाहीत."

ऐकलेत? माझ्या नावावर! तो खोटे करी आणि साक्षीदार म्हणून मला उभे करी. मी तिथेच, खांबाला जखडलेला, तोंड असून मुका.

५

ती गिझेला होती. हल्लर रस्त्यावर शिवणकाम करणारी विधवा. ती रोज माझ्याकडे येई. तिकीट घालण्याआधी ते बोटाने सरळ करी आणि ठक् झाल्यावर भोके बघून मान हलवी, जणू मी तिला काही सांगितले आहे. तिकिटाशिवाय ती कधी दोन थांबेही गेली नाही.

तिची मुलगी ओर्शोल्या ऑस्ट्रियातल्या एका माणसाशी लग्न करून कायमची लिंझला चालली होती. मायलेकींचे त्यावरून कडाक्याचे भांडण झाले होते. गिझेला रागात बोलून गेली होती, "गेलीस तर जा. मी स्टेशनावरसुद्धा येणार नाही." निघायच्या दिवशी दुपारी मात्र तिचा राग पार विरघळला. लेकीसाठी भरलेली बदकाच्या पिसांची उशी आणि खसखशीचा रोल घेऊन ती आमच्या ट्राममध्ये चढली. ट्राम खच्चून भरली होती. उशी एवढी फुगलेली की ती मागच्या दारापाशीच अडकली.

"जरा पुढे द्या हो," तिने तिकीट पुढच्याच्या हाती दिले. "केलेती स्टेशनावर जायचंय. मुलीची गाडी आहे."

तिकीट हातोहात माझ्याशेजारच्या हाताकडे आले. तो हात काल्मानचा होता. त्याने माझा जबडा ओढला. मी स्वच्छ चावलो. तिचे खरे तिकीट त्याच्या तळहातात गेले आणि दुसरेच काहीतरी परत निघाले. मी पाहिले. ट्राममध्ये दुसऱ्या कोणीही पाहिले नाही.

ओर्त्सी चौकाच्या अलीकडे लाल पट्टी दंडावर चढली.

"हे आजचं तिकीट नाही, बाई."

"असं कसं? आत्ताच तर पुढे दिलं!"

"सगळ्या असंच म्हणतात. उतरा."

"अहो, उतरते, पण नंतर. दोन थांबे राहिलेत. ती कायमची चाललीय हो. तिला वाटेल मी आले नाही."

टक टक. "यंत्राची भोकं खोटं बोलत नाहीत."

चौकात त्याने तिला उशीसकट खाली उतरवले, तेव्हा पिरोश्काने आपल्या खिडकीतून मान बाहेर काढली. "अहो साहेब, सोडा की तिला! केलेतीला पोचल्यावर काय ते लिहा. ती उशी घेऊन कुठं पळणार आहे?"

"तुम्ही ट्राम चालवा."

"नाही चालवत. तिला चढू द्या आधी."

आणि खरोखरच तिने ट्राम थांबवून ठेवली. मागे दुसरी येऊन घंटा वाजवू लागली, माणसे ओरडू लागली, तेव्हा तिला निघावे लागले. मागच्या काचेतून मला दिसत राहिले. चौकातल्या बाकावर उशी, तिच्याशेजारी गिझेला आणि तिच्यापुढे काल्मान. तो तिचे नाव लिहून घेत होता, सावकाश, एकेक अक्षर. लिहिता लिहिता तो काहीतरी चघळत होता.

ते तिचे तिकीट होते. माझ्या भोकांसकट.

लिंझकडे जाणारी व्हिएन्नाची गाडी गेली. 'ट्राम अडवून ठेवली' म्हणून काल्मानने पिरोश्काची तक्रार केली. तिला आगारात डबे धुवायला लावले. थोड्याच दिवसांत तिने नोकरी सोडली.

६

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूने सूड घ्यायचा म्हणजे काय करायचे? जे जमले ते मी केले. त्याच्या नव्या कोटाच्या बाहीला तेलाचा डाग लावला. एकदा त्याचे नख चिमटले. तो हिवाळ्यात माझ्यावर हातमोजे वाळत घाली, तेव्हा त्यांना गंज लावला. हे सगळे किरकोळ होते. तो चढत गेला. मुख्य तपासनीस झाला. येता-जाता माझ्या डोक्यावर टक टक करी आणि नव्या पोरांना म्हणे, "हा आपला सर्वांत इमानदार माणूस."

मग दिवे लुकलुकणारी, शाईने छापणारी यंत्रे आली. मला खांबावरून काढले. आगाराच्या कोपऱ्यात एका खोक्यात माझ्यासारखे पुष्कळ जबडे तोंडे उघडी टाकून पडले होते. छप्पर गळे. कोणी तेल घातले नाही. माझे दात एकेक करून अडकू लागले. एका हिवाळ्यात खोक्यासकट आम्हाला भंगारवाल्याने नेले आणि शहराबाहेरच्या जुन्या बाजारात चादरीवर मांडले. एका बाजूला फुटक्या बाहुल्या होत्या, दुसऱ्या बाजूला कोणाची तरी पदके.

लोक मला उचलत, जबडा ओढून पाहत, हसत आणि खाली ठेवत. मी थांबलो होतो. राग असला की थांबता येते.

७

एका रविवारी एक रुंद हात आला आणि त्याने माझी हनुवटी चाचपली. तिथे एक खोक होती. एका बाळाच्या गाडीने पाडलेली.

"अगं बाई! तू?"

पिरोश्का! वेणी पांढरी झाली होती, आवाज तोच. ती आता टॅक्सी चालवत होती. तिने मला घरी नेले, रॉकेलने धुतले, सुईने एकेक दात मोकळा केला, तेल दिले आणि तिच्या रशियन लाडा मोटारीत, पुढच्या काचेखाली एका लोखंडी पट्टीवर दोन स्क्रूंनी बसवले. गिऱ्हाईक बसले की ती गंमत म्हणून म्हणे, "तिकीट पंच करा हं, नाहीतर उतरवीन." लोकांच्या कोटाच्या खिशात एखादे जुने तिकीट सापडेच. त्या शहरातला प्रत्येक खिसा म्हणजे जुन्या तिकिटांची कबर. मोठी माणसेही जबडा ओढत आणि मुलांसारखी खूश होत. बरे दिवस होते ते. पण मी विसरलो नव्हतो.

आणि पिरोश्काही विसरली नव्हती. तिने गिझेलाला शोधून काढले होते. गुडघ्यांमुळे गिझेलाला आता ट्राम चढवत नसे. पिरोश्का तिला डॉक्टरकडे नेई, बाजारात नेई. गाडीत बसली की गिझेला तेच बोले.

"फोन केला होता मी तेव्हा ओर्शोल्याला. सगळं सांगितलं. तर म्हणते कशी, 'आई, तू जन्मात कधी तिकिटाशिवाय चढली नाहीस, आणि नेमकी त्याच दिवशी पकडली गेलीस? यायचं नव्हतं असं सरळ सांग.' काय बोलणार? मी तिच्या जागी असते तर मलाही पटलं नसतं."

"तुमचं तिकीट खरं होतं ना पण, मावशी?"

"मी माझ्या हातानं दिलं. परत आलं ते वेगळं. कसं, ते देवाला ठाऊक."

देवाला नव्हे, बाई. मला. मी काचेखाली थरथरत असे. पिरोश्काला वाटे, इंजिन थरथरतेय.

ओर्शोल्या वर्षा-दोन वर्षांनी येई. हॉटेलात उतरे. आईला बाहेर जेवायला नेई. मुलाबाळांचे फोटो दाखवी आणि परत जाई. प्रेमळ नाही, भांडकुदळही नाही. टेबलावरच्या पांढऱ्या चादरीसारखी स्वच्छ आणि थंड.

८

आता तो दिवस ऐका.

गिझेलाची बहीण वारली म्हणून ओर्शोल्या आली होती. दुपारच्या गाडीने परत जाणार होती. पिरोश्काने गिझेलाला केलेती स्थानकाच्या दारात सोडले. गिझेलाच्या हातात खसखशीचा रोल होता.

"ट्रामनं नाही आले या वेळी," गिझेला उतरताना म्हणाली. "पण आता पोचून काय उपयोग? ती म्हातारी झाली तरी तिच्या मनात मी त्या दिवशी आलेच नाही. मी मेल्यावरही आलेली नसेन."

पिरोश्काने नाक शिंकरले. तेवढ्यात मागचे दार उघडले.

"ओबुडाला चला. नदीकाठच्या खानावळीत. आमच्या निवृत्त लोकांचं मासळीच्या सुपाचं जेवण आहे."

एक गुबगुबीत म्हातारा. मांडीवर आलुबुखारच्या घरगुती दारूची बाटली, मेहुण्याने गावाकडच्या गाडीने पाठवलेली. पिरोश्काने गाडी सुरू केली. म्हातारा पुढे वाकला आणि त्याला मी दिसलो.

टक टक.

तेच बोट. तीच अंगठी.

"अरेच्चा! हा तर माझा जुना साक्षीदार! कुठं मिळाला हा?"

पिरोश्काने आरशात पाहिले. तिने त्याला ओळखले. त्याने मात्र तिला ओळखले नाही. तपासनिसाला चालकाची फक्त मान दिसते, काचेपलीकडची.

"तुम्ही ट्रामवर होता का, काका?" तिने मधाळ आवाजात विचारले.

"मुख्य तपासनीस! आता कोण विचारतंय म्हणा. पण या जेवणात माझीच गोष्ट पहिली असते. दर वर्षी. पोरं म्हणतात, काका, ती हातचलाखी सांगा."

"कसली हातचलाखी?"

आणि त्याने सांगितली. सगळी. तळहात, खिशातले जुने तिकीट, लाल पट्टी. सांगताना त्याचे पोट हलत होते. "पळणाऱ्याला पकडण्यात काय मजा, पोरी? बसून पकडायचं. एकदा तर अशी सोन्यासारखी बाई मिळाली. हातात ही एवढी उशी! उशी घेऊन कोणी पळतं का?"

गाडी हिरव्या दिव्यालाही थांबून राहिली. मागून भोंगे वाजले.

"उशी?" पिरोश्का म्हणाली. "कुठल्या ट्रामवर हो?"

"चोवीस नंबर. ओर्त्सी चौक. हाच जबडा असेल, काय सांगावं!"

मित्रांनो, हाच होता. त्याला बोलता करणारा मीच होतो. एवढी वर्षे मुका राहून मी त्याच्यासमोर नुसता बसलो, आणि त्याची जीभ माझ्यासाठी कामाला लागली.

पिरोश्काने मीटर बंद केले आणि गाडी वळवली.

"अहो, ओबुडा तिकडे!"

"काका, माझ्या ओळखीच्या दोघी स्टेशनात उभ्या आहेत. त्यांना हे सांगितलं तर थापा वाटतील. तुम्ही एकदा करून दाखवा ना. पाच मिनिटं. मग तुम्हाला फुकट पोचवते. सूप काय, उतू जात नाही."

"बायका आहेत?"

"एक तर परदेशात राहते."

काल्मानने केसांवरून हात फिरवला. "बाटली मात्र मी गाडीत ठेवणार नाही," तो म्हणाला.

पिरोश्काने दोन्ही स्क्रू सोडवले आणि मला काखेत मारले. "चल रे," ती माझ्या कानाशी पुटपुटली. मला कान नाहीत, पण ऐकू आले. "साक्ष द्यायची आहे."

९

फलाटावर गाडी उभी होती. ओर्शोल्या डब्याच्या पायरीशी होती, हातात लहानशी बॅग. समोर गिझेला.

"आई, रोल नको. बॅगेत जागा नाही."

"हातात धर."

"हातात काय धरू? गाडीत सगळीकडे खसखस सांडेल."

तेवढ्यात आम्ही पोचलो. पिरोश्का घाम पुसत म्हणाली, "ओर्शोल्याबाई, एक मिनिट. हे काका ट्रामवर तपासनीस होते. जादू करतात. जाण्याआधी एकदा बघाच."

ओर्शोल्याने घड्याळाकडे पाहिले. पण सभ्यतेपोटी तिला नाही म्हणता आले नाही. गिझेला काल्मानकडे बघत राहिली. तिला तो चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता. त्या दिवशी तिने त्याच्याकडे कमी आणि रस्त्याकडे जास्त पाहिले होते.

"एक कोरं तिकीट आहे का कोणाकडे?" काल्मानने विचारले.

गिझेलाने पर्स उघडली. ती ट्रामने जात नसली तरी कोरे तिकीट पर्समध्ये ठेवी. तिने ते बोटाने सरळ केले आणि ओर्शोल्याच्या हाती दिले. ओर्शोल्याने पिरोश्काकडे दिले. पिरोश्काने काल्मानकडे. हातोहात. पिरोश्काने मला दोन्ही हातांनी छातीशी धरले होते. काल्मानने बाटली काखेत दाबली, जबडा ओढला.

ठक्! मी स्वच्छ चावलो.

तिकीट परत निघाले. काल्मानकडून पिरोश्काकडे, तिच्याकडून ओर्शोल्याकडे.

"बघा आता," काल्मान म्हणाला.

ओर्शोल्याने पाहिले. चुरगळलेले, जुने, भलत्याच भोकांचे. "हे ते नाही."

"नाहीच! ते इथं आहे." त्याने तळहाताची कड दाखवली. "पण ट्रामच्या गर्दीत हे कोणाला कळणार? मी पट्टी चढवायचो आणि म्हणायचो, हे आजचं नाही, बाई, उतरा. एक होती, हातात उशी. खूप रडली. मी नाव लिहितोय आणि ती एकच धोशा लावून बसलीय." त्याने बायकी आवाज काढला, हात जोडल्यासारखे केले. एक अंगठा माझ्या उघड्या जबड्यात टेकला होता. "'सोडा हो मला, माझी ओर्शी चालली. ओर्शीला वाटेल मी आले नाही. ओर्शी! ओर्शी!'"

तो हसला. एकटाच.

ओर्शोल्याला लहानपणापासून त्या नावाने फक्त एकच माणूस हाक मारत असे. ती काल्मानच्या तोंडाकडे पाहत होती. एका अनोळखी माणसाच्या तोंडातून तिच्या आईचा आवाज बाहेर आला होता, एवढ्या वर्षांचा जपून ठेवलेला.

गिझेला हळूच म्हणाली, "तुम्ही काहीतरी चघळत होता."

काल्मानने तिच्याकडे पाहिले. मग तिच्या हातातल्या रोलकडे. मग ओर्शोल्याकडे. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग पायरी पायरीने उतरला. त्याने हात मागे घेतला.

३

घ्यायला गेला, असे म्हणतो.

मी धरले. तिसरा दात. तो अनेक वर्षे कोणत्याच तिकिटावर पडला नव्हता. पिरोश्काचा हात हलला, की माझे मीच केले, ते मी सांगणार नाही. काल्मानचा अंगठा माझ्या तोंडात होता आणि मी तोंड मिटले होते. बाटली काखेतून सुटली आणि फलाटावर फुटली. साऱ्या फलाटावर आलुबुखारचा वास पसरला. त्याचा दुसरा हात वेदनेने उघडला आणि त्यातून एक तिकीट खाली पडले. नवे, खरे, माझ्या भोकांचे.

"आई गं! सोडवा! अहो, सोडवा हे!"

"काका, हलू नका," पिरोश्का म्हणाली. "यंत्र आहे. त्याचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. कधी खोटं बोलत नाही."

"ते कामच होतं हो माझं! वरून विचारायचे, किती सापडले..."

"तुम्हाला झोप लागते का नीट?" गिझेलाने विचारले. रागाने नाही, खरेच जाणून घ्यायचे असल्यासारखे. "नाही, ती उशी अजून कपाटात आहे म्हणून विचारलं. चांगली पिसं आहेत. कोणी तिच्यावर झोपलं नाही."

काल्मानने पुन्हा अंगठा ओढून पाहिला. शिटी झाली.

ओर्शोल्याने आईच्या हातातून रोल घेतला आणि दुसऱ्या हाताने आईचे मनगट धरले. "चढ."

"अगं, कुठं?"

"पुढच्या स्टेशनापर्यंत. केलेनफल्डला उतर. चढ, आई."

"माझ्याकडे तिकीट नाही!"

"चढ म्हणते ना!"

गिझेला वाकली. तिने फलाटावर पडलेले ते ट्रामचे तिकीट उचलले, बोटाने सरळ केले, उजेडात धरून भोके पाहिली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मग लेकीने तिला वर ओढले.

गाडी हलली. काल्मानची सारी नोकरी त्याच्या घशाशी आली. सवयच ती. "अहो, असं कसं? तिकिटाशिवाय..."

आणि खिडकीतून एक हात बाहेर आला. त्या हातात माझे तिकीट होते. कोणत्याही आगगाडीत न चालणारे, पण खरे. गिझेला ते हलवत राहिली, फलाट संपेपर्यंत. मुख्य तपासनिसाच्या नाकासमोरून एक बिनतिकिटाची बाई खसखस सांडत निघून गेली, आणि त्याला जागचे हलता आले नाही.

पिरोश्काने डोळे पुसले. "चला, काका. केलेनफल्डला तिला घ्यायला जायचंय. पूल ओलांडून. गर्दी असेल."

"आणि माझा अंगठा?"

"स्क्रूड्रायव्हर गाडीत आहे. कुठं ते आठवायला लागेल."

ते तिला नदीच्या पलीकडे गेल्यावर आठवले. मी तिथपर्यंत धरून होतो. मासळीचे सूप निवून गेले असेल.

मित्रांनो, आता मी पुन्हा काचेखाली बसलो आहे. मला आठवड्याला तेल मिळते. माझ्यासारख्यांच्या गोष्टीच्या शेवटी एक विनंती असते, म्हणून मीही करतो. तुमच्या घरातल्या कात्रीला, अडकित्त्याला, दाराच्या कडीला तेल घाला. त्यांना पावसात टाकू नका. पण ते विसरलात तर एक वेळ चालेल. आमच्या नावाने खोटी साक्ष मात्र देऊ नका. आम्हाला जीभ नाही, हे खरे.

दात आहेत.